ढोरांसाठी एक चक्कर

किस्से धानाच्या पोत्याखालच्या उंदरांसारखे असतात. एक दिसला म्हणून पोतं हलवावं, तर खालून आणखी सहा निघतात! चहाच्या टपरीवर कोणी सहज म्हणतं, "गुड्डू, तो गुरुजींच्या वजनाचा सांग ना." मी तो एकच सांगायला जातो आणि शेवटी टपरीवाला माझ्या हातातला रिकामा कप ओढून घेतो. म्हणून ठरवलं, आज सगळे एकदाच लिहून टाकायचे. मी नववीत शाळा सोडली आहे, ट्रॅक्टर चालवतो. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसायचं. एक जण मास्तर. समोर काय आहे ते मास्तर सांगतो, आपण काय करतो ते बाकीचे सांगतात, आणि जमलं की नाही ते फासा सांगतो. गोष्ट अशी की मोठं युद्ध झालं, जग बुडालं, सरकार गेलं, वीज गेली, आणि फौजेची एक तुकडी तेवढी उरली. ती तुकडी म्हणजे आम्ही. खेळ परदेशातला, पुस्तक इंग्रजीत. पण आमचा मास्तर म्हणजे माझा दादा, रवी. त्याने मोबाइलवर ते पुस्तक वाचून काढलं आणि जग बुडवलं ते थेट गोंदिया जिल्ह्यात!

दादाचं फुलचूरला झेरॉक्सचं दुकान होतं. त्याला सिकलसेल होता. दुखणं उठलं की आठ-आठ दिवस खाटेवर. आमचं घर बिरसीला. तिथल्या विमानतळावर पायलट तयार करतात, त्यामुळे दिवसभर डोक्यावरून छोटी विमानं घरघरत जातात. दादा खाटेवर पडल्या पडल्या ती मोजायचा. त्याला पायलट व्हायचं होतं. त्या आजारात होता येत नाही. मग त्याने खेळात दोन सीटचं एक विमान आणलं आणि चालवायला मला दिलं.

"तू काऊन नाही चालवत?" मी विचारलं.

"मी मास्तर आहो बे. मास्तर वरून पाहते."

दादा होळीनंतर गेला. हे आत्ताच सांगून ठेवतो, नंतर मला जमणार नाही. त्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही खेळत होतो. खेळात मी इटियाडोह धरणावरून विमान घेऊन परत येत होतो आणि दादाला दुखायला लागलं. त्याने खेळाच्या नोंदीचं रजिस्टर मिटलं. म्हणाला, "थांबा. विमान हवेतच राहू द्या, कोणी हात लावू नका. मी आलो की उतरवू."

तो आला नाही. विमान तेव्हापासून हवेत आहे. बाकीचे म्हणतात, उतरवू. मी म्हणतो, कोणी हात लावायचा नाही. दादाने सांगितलेली ती शेवटची गोष्ट आहे. विमान उतरलं की ती पण संपली.

यावर आमची चार महिने भांडणं चालली. असो. आता किस्से.

*

पहिला गुरुजींचा. पटले गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवतात. खेळात ते कर्नल. कर्नल झाल्यावर ते वर्गातल्यापेक्षा जास्त ओरडतात.

छोट्या विमानात वजनाला फार किंमत. पुस्तकात लिहिलं आहे की दोन माणसं आणि सामान मिळून इतकंच, त्यावर एक किलो नाही. गुरुजी म्हणाले, "लिही, माझं सत्तर."

दादाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला म्हणाला, "गुड्डू, धानाचा काटा आण."

मी खळ्यावरून काटा आणला. गुरुजी खुर्चीतून उठेनात.

"मी कर्नल आहो! पद पाहून बोल!"

"गुरुजी, काट्याले पद नाही समजत."

काट्याने चौऱ्याण्णव सांगितले. दादाने हिशेब केला आणि जाहीर केलं, "कर्नल मागच्या सीटवर बसले, तर पायलटले आपला एक पाय घरी ठेवून यावं लागन!"

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी पहाटे चालायला लागले. भात बंद, साखर बंद. दीड महिन्याने काट्यावर शहाऐंशी भरले. गुरुजींच्या घरच्या काकू नारळ घेऊन आमच्या घरी आल्या आणि दादाच्या हातात देऊन म्हणाल्या, "डॉक्टर दहा साल सांगून थकला. तुमच्या खोट्या विमानाचं बरं आयकलं!"

त्या रविवारी कर्नल साहेब पहिल्यांदा विमानात बसले. छाती पुढे, मान ताठ. मी फासा टाकला. एक आला. इंजिन चालूच झालं नाही.

गुरुजींनी हळूच विचारलं, "मंग मी आता भात खाऊ का?"

*

आमच्यात इम्रान आणि पूनम पण आहेत. इम्रानचं गोंदियात गॅरेज आहे आणि पूनम सरकारी दवाखान्यात नर्स आहे. खेळात काय व्हायचं हे दादाने चिठ्ठ्या टाकून ठरवलं. इम्रान डॉक्टर निघाला आणि पूनम विमानाची मेकॅनिक! तेव्हापासून खेळात कोणाला गोळी लागली की इम्रान म्हणतो, "पहले खोल के देखते हैं." आणि इंजिन बंद पडलं की पूनम विचारते, "ताप किती दिवसापासून आहे?"

तर जग बुडालं म्हणजे पेट्रोल पण बुडालं. पुस्तकात उपाय दिला आहे की दारू गाळा आणि टाकीत टाका, इंजिन चालेल. दादाने विचारलं, "कायची गाळणार?"

आमचं कधी एकमत होत नाही. त्या दिवशी चारही तोंडांतून एकच शब्द निघाला. "मोहाची!"

पूनम दिवसभर दवाखान्यात लोकांना दारू सोडा म्हणून सांगते. ती वहीत लिहायला लागली, मोहफूल किती, पाणी किती. इम्रानने आयुष्यात थेंब चाखलेला नाही, पण ज्ञान त्याचंच जास्त. "पहली धार का ही डालना. बाद वाले में पानी रहता है, इंजिन खाँसेगा."

"तुले कसं माहीत बे?" मी विचारलं.

"मेरे गैरेज में कस्टमर खुद खाँसते हुए आते हैं!"

एक ड्रम भरला. कर्नलने राखणीला दोन शिपाई बसवले. दादाने त्यांच्या नावाने फासा टाकला, पाहिला आणि कपाळाला हात लावला. सकाळी ड्रम अर्धा, आणि दोन्ही शिपाई विमानाच्या पंखाखाली गाणी म्हणत आहेत.

गुरुजींनी तिथेच कोर्ट भरवलं. "बोला! काऊन पेले सरकारी इंधन?"

दादा शिपायाच्या आवाजात बोलला, "साहेब, चाखून पाह्यलं. आपलं विमान आजारी पडू नये म्हणून."

उरलेल्या अर्ध्या ड्रमावर मी उडालो. दादाने रजिस्टरात लिहिलं ते अजून आहे, "आज विमान उडाले. सरळ नाही, पण उडाले."

*

एकदा खेळातली आमची मोठी लढाई ठरली होती. दादाने दुकानात बसून कागदावर बेत लिहिला आणि मशीनजवळ ठेवला. तेवढ्यात एक म्हातारे बाबाजी सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले. त्यांचे कागद पिन मारून दिले. ते घेऊन गेले आणि अर्जासोबत सरकारी ऑफिसात देऊन आले.

चौथ्या दिवशी पोलीस जमादार दुकानात हजर! आमच्याकडे जंगलाचा भाग, अशा गोष्टी कोणी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी खिशातून कागद काढला आणि मोठ्याने वाचला.

"बिरसी ताब्यात घेणे. माणसं चार. बंदुका दोन. गोळ्या अकरा. डॉक्टर, इम्रान. विमान, गुड्डू." मग वर पाहिलं. "गुड्डू कोण?"

मी मशीनच्या मागे बसलो होतो. तिथेच बसून राहिलो.

दादाने फासे दाखवले, पुस्तक दाखवलं, रजिस्टर दाखवलं. अर्धा तास समजावलं. जमादार ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे सगळं खोटं?"

"हो साहेब."

"अकरा गोळ्या बी खोट्या?"

"हो साहेब."

जमादारांनी पुन्हा कागद पाहिला. डोकं खाजवलं. "मंग खोट्या तं खोट्या, अकराच काऊन घेतल्या? जास्त घेता येत नव्हत्या का?"

जाताना दारातून वळले आणि म्हणाले, "अन् समोरून नोका जाऊ. धानातून जा. जमलं का नाही, ते सांगजा मले."

कागद आम्हाला परत मिळाला. त्यावर गोल शिक्का होता आणि आवक नंबर पण पडला होता. जग बुडाल्यानंतर सरकारदरबारी नोंद झालेली ही एकच लढाई!

पिन मी मारली होती. दादाला हे मी कधीच सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

*

आमच्या मायला हा खेळ मुळीच आवडायचा नाही. रविवारी आम्ही छपरीत बसलो की ती कोचईच्या म्हणजे अळूच्या पानाच्या वड्या आणून ठेवायची आणि तोंड वाकडं करून जायची. एके दिवशी मात्र ताट हातात धरून उभीच राहिली.

"रवी, जग बुडालं म्हणतेस, तं मी आहो का मेली?"

दादाने याचा विचारच केला नव्हता. "माय, खेळ आहे ना..."

"खेळातच सांग. जित्ती आहो का मेली?"

"आता तसं पाहिलं तं..."

"पाह्यलं का! पोटचा पोरगा! जग बुडवलं तं बुडवलं, मायले बी बुडवलं!" तिने वड्यांचं ताट उचलून परत घरात नेलं.

दादाने ताबडतोब रजिस्टर उघडलं आणि घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचत लिहिलं, "माय. जिवंत. ठिकाण, बिरसी. बंदूक, नाही. स्वयंपाक, वीसपैकी एकोणीस."

आतून आवाज आला, "एकोणीस कायले? कोणती भाजी बिघडली होती?"

वीस केले, तेव्हा वड्या बाहेर आल्या. ठेवता ठेवता मायने विचारलं, "अन् तू कुठं आहेस यात?"

"मी नाही, माय. मास्तर खेळात नसते. वरून पाहते."

"हे काही बराबर नाही," माय म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून नियम झाला. खेळात बिरसीला विमान उतरलं की आधी मायच्या घरी जेवायचं, मग बाकीचं. एकदा वीस-पंचवीस दुश्मन आमच्या मागे लागले होते. मी विमान उतरवलं, गुरुजी ओरडले, "पळा!" तर दादा म्हणाला, "मायनं ताट वाढलं आहे." झालं! बसलो जेवायला. हात धुईपर्यंत दुश्मन अंगणात. दादाने आतल्या मायला हाक मारून विचारलं, "माय, दुश्मन आले, काय करतेस?"

माय आतूनच म्हणाली, "किती जण आहेत? भात टाकतो."

जग बुडाल्यानंतरचा पहिला शांततेचा करार कोचईच्या वड्यांवर झाला. दुश्मनांनी दोनदा मागून घेतल्या!

*

विमान उतरवण्याआधी काय काय पाहायचं याची पुस्तकात मोठी यादी आहे. मला इंग्रजी येत नाही म्हणून दादाने ती माझ्याकडून मराठीत पाठ करून घेतली. इंधन, वारा, चाकं, पट्टा. आणि शेवटी त्याने एक स्वतःचं जोडलं, ते पुस्तकात नाही. ढोरं.

"उतरायच्या आधी खालून एक चक्कर मारायची. आवाजानं ढोरं पळतात. मंग दुसऱ्या चकरेत उतरायचं. घाई नाही करायची. समजलं?"

समजलं होतं. पण मी घाईचा माणूस. एकदा थेट उतरवलं. दादाने फासा टाकला आणि विचारलं, "म्हैस कोणाची आहे, माहीत आहे का?"

म्हैस वाचली, पण तिचा मालक चिडला. जग बुडालं तरी म्हशीचा मालक बुडत नाही. त्याने विमानाला दोर बांधला, बैलजोडी लावली आणि ओढत नेऊन कोंडवाड्यात टाकलं! फौजेचं विमान आठ दिवस दोन गाई आणि एका गाढवासोबत कोंडवाड्यात. कर्नल रोज जाऊन सॅल्यूट करून यायचे.

तेव्हापासून मी चक्कर मारल्याशिवाय उतरत नाही. खऱ्या आयुष्यात पण घरी येताना ट्रॅक्टर आधी घरापुढून थोडा पुढे नेतो, मग वळवून आणतो.

*

आता हा किस्सा इम्रानसमोर काढू नका. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मोहाची संपली, इंजिन बंद, विमान खाली चाललं आहे. मागच्या सीटवर इम्रान. मी विचारलं, "दादा, खाली काय आहे?"

दादा खूश होता. आमच्यासाठी त्याने सोपी वाट ठेवली होती. "खाली धानाची मोठी सपाट बांधी आहे. चिखल नरम आहे. विमान तुटन, पण तुमी दोघं वाचान. रोवणं झालं आहे, हिरवंगार दिसून राहिलं."

मी फासा उचलला आणि तसाच धरून राहिलो.

"रोवणं झालं आहे?"

"हो, झालं आहे."

"मंग कसा उतरू?"

रोवणं म्हणजे धानाची लावणी. गुरुजींच्या घरी चार एकर धान. ते म्हणाले, "रोवण्यावर? छे छे!" पूनम म्हणाली, "एकेक बांधी रोवता रोवता बायांची कंबर मोडते. तुमी त्यावरून चाकं फिरवान?"

इम्रान शहरातला. तो उभाच राहिला. "अरे भाई! दुनिया खतम हो गई है! नौ महीने से एक आदमी नहीं दिखा! किसका खेत? किसका धान?"

पूनमने विचारलं, "मंग रोवलं कोणी?"

इम्रान परत खाली बसला.

मी विमान वळवलं आणि तलावात घातलं. विमान बुडालं, बंदुका बुडाल्या, इम्रानची दवाईची पेटी बुडाली. आम्ही दोघं पोहत काठावर आलो, कारण फासा चांगला पडला. दादा आमच्याकडे पाहतच राहिला. मग हसायला लागला. इतका हसला की मायने येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. विमान बाहेर काढायला आम्हाला दोन महिन्यांचे रविवार लागले. दादाने रजिस्टरच्या पहिल्या पानावर नियम लिहिला, "रोवण्यावर विमान उतरत नाही."

इम्रान पंधरा दिवस बोलला नाही. सोळाव्या दिवशी बोलला तो एवढंच, "मेरी पेटी दे."

*

दादा गेल्यावर महिनाभर कोणी खेळाचं नाव काढलं नाही. मग गोंदियातला एक ओळखीचा पोरगा घरी आला. हे असले खेळ तो मोबाइलवर खेळतो. म्हणाला, "रवीभाऊचं रजिस्टर द्या. मी होतो मास्तर. विमान पाच मिनटांत उतरवून देतो."

पाच मिनिटांत!

मी फाशांची थैली उचलली, पुलावर गेलो आणि नाल्यात फेकून दिली. आणि थैली पाण्यात पडल्याचा आवाज आला तशी मी पण उडी मारली! पाणी गुडघ्याएवढं, चिखल कंबरेएवढा. इम्रानला कोणीतरी फोन केला. तो आला, बूट काढले, पुलावरून मला दोन शिव्या दिल्या आणि स्वतः पण उतरला. दोघं मिळून दोन तास चाळणीने चिखल गाळत होतो.

सहामधले पाच फासे सापडले. वीस तोंडांचा मोठा फासा काही मिळाला नाही. पण चाळणीत एक दहा नंबरचा पाना आला. इम्रानने धुऊन पाहिला. त्याच्यावर त्याच्या गॅरेजची लाल खूण. दोन वर्षांपूर्वी याच पुलावर माझा ट्रॅक्टर दुरुस्त करताना त्याचा पाना हरवला होता आणि तो माझ्यावर आळ घेत होता. दोन वर्षं! जिथं तिथं सांगायचा, गुड्डूने नेला.

इम्रानने तो पाना छातीशी धरला आणि चिखलातच मला मिठी मारली. "सॉरी यार. दो साल से तुझे चोर बोलता रहा. गलती हो गई."

मी रडायला लागलो. दादा गेला त्या दिवशी रडलो नव्हतो, तेरवीला रडलो नव्हतो. त्या दिवशी नाल्यात उभा राहून ढोरासारखा रडलो. थांबेचना. इम्रान घाबरला.

"अरे, इतना मत रो भाई. मैंने माफी माँगी ना! चाहे तो पाना तू रख ले!"

पाना माझ्याकडेच आहे.

*

शेवटचा किस्सा मागच्या रविवारचा. त्याला अजून आठवडाही झाला नाही.

हरवलेल्या फाशाच्या जागी पूनमने वीस चिंचोक्यांवर नंबर घालून एका डब्यात आणले होते. डबा हलवायचा आणि एक काढायचा. गुरुजी, पूनम, इम्रान, तिघंही ठरवून आले होते. गुरुजी म्हणाले, "गुड्डू, पाच महिने झाले. मोहाची कितीही पहिल्या धारेची असली तरी पाच महिने नाही पुरत. आज विमान उतरवू."

मी म्हणालो, "दादाच्या खुर्चीवर कोणी बसलं तर तंगडं तोडीन."

कोणी बसलं नाही. छपरीत पाच खुर्च्या. चारांवर आम्ही, पाचवी दादाची, रिकामी. तिच्यावर रजिस्टर.

तेवढ्यात माय रोवण्यावरून आली. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाचे, कंबर धरलेली. तिने इकडे तिकडे पाहिलं, रजिस्टर उचललं, मांडीवर घेतलं आणि दादाच्या खुर्चीवर बसली.

आता मायचं तंगडं कोण तोडणार?

"काय चाललं आहे?" ती म्हणाली. "तुमचं उतरलं का नाही अजून?"

"नाही ना, माय."

"मंग उतरवा. काय करावं लागते?"

गुरुजींनी शाळेतल्यासारखं समजावलं, "खाली काय दिसते ते मास्तरनं सांगायचं असते. मंग गुड्डू सांगन तो काय करते."

मी उठून जाणार होतो. पण मायने माझ्याकडे पाहून विचारलं, "तू कुठं आहेस आता?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इटियाडोहकडून येऊन राहिलो. बिरसी आली जवळ."

मायने डोळे मिटले.

"रोवणं झालं आहे," ती म्हणाली. "सगळीकडे."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. मी विचारलं, "तलावाच्या पारीवर उतरू का?"

"तठी बाया धुणं धुऊन राहिल्या."

"शाळेच्या मैदानात?"

"पोट्टे खेळून राहिले. दिसत नाही का तुले?"

"मंग सडकेवर?"

"आज बाजार आहे. पाय ठेवाले जागा नाही."

इम्रानला राहवलं नाही. "माय, दुनिया खतम हुई है ना! इतने लोग कहाँ से आए?"

"तुमच्याकडं झाली असन खतम," माय म्हणाली. "आमच्या गावात सगळे आहेत."

गुरुजी म्हणाले, "पण नियमाप्रमाणे..." पूनमने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की कर्नल कळवळले. मग तिनेच हळू विचारलं, "माय, अन् विमानतळाचा रनवे?"

"रनवेवर ढोरं आहेत."

"किती?"

"लय आहेत. गावचा सगळा कळप."

"मंग कोणी हाकलत नाही का?" मी विचारलं.

"हाकलून राह्यला ना रवी," माय म्हणाली. "एकटा आहे. टाइम लागन."

वरून खरं विमान घरघरत गेलं. आम्ही पाचही जणांनी वर पत्र्याकडे पाहिलं. इम्रानने बारीक आवाजात विचारलं, "तेल कितना बचा है, माय?"

"फुल आहे."

"फुल? वो कैसे?"

"मी सांगून राह्यलो ना, फुल आहे!"

इम्रानने मान डोलावली. गुरुजींनी चिंचोक्यांचा डबा हलवून माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, "मंग मी अजून एक चक्कर मारतो."

मायने डोळे उघडले आणि डबा हाताने बाजूला सारला.

"चक्कर माराले कायचा फासा? मार. फक्त जेवाच्या टाइमले दोघंबी या!"